उद्याचा टँकर: हवा की नको

मी भांडकुदळ माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण उस्मानपुऱ्यात सध्या याविषयी दोन मतं आहेत. एका पतसंस्थेत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि एक बंद पडलेला प्रिंटर. तरीसुद्धा अपार्टमेंटमधले लोक मला "अभय सर" म्हणायचे. अजूनही म्हणतात, पण आता ज्या सुरात म्हणतात तो सूर मला आवडत नाही.

झालं असं, की माझी आई, मुक्ताबाई, कन्नडला एकटी राहते. वडील गेल्यापासून मी आणि माझी बायको रत्नमाला तिच्या मागं लागलो होतो, की आता आमच्याकडं चल. तिचं उत्तर ठरलेलं. "तुमच्या शहरात पाणी नाय रे बाबा. नळाला कधी येतं ते त्या नळालाबी ठाव नसतं. माझी इथं हापशी हाये, शेजारपाजार हाये, मला काय करायचं?" मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हापशी बंद केली, आणि एका सकाळी तिचाच फोन आला. "येते. पण आधीच सांगते, पाण्यासाठी वणवण पाह्यली की दुसऱ्या दिशी एसटीत बसन. मग आडवायचं नाय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. पन्नाशीला आलेल्या माणसानं असं उघड बोलू नये म्हणतात, पण मला आई घरात हवी होती. सकाळी उठल्यावर तिचं खाकरणं ऐकू यावं, एवढंच हवं होतं.

आता आमच्या पाण्याची व्यवस्था सांगतो. ए, बी, सी अशा तीन विंगा आणि खाली तिघांत मिळून एक हौद. नळाला पाणी आलं तर हौद भरतो, नाही आलं तर बद्रीनाथचा टँकर. उद्या टँकर हवा की नको, एवढाच काय तो रोजचा प्रश्न. आणि तो जिन्यात उभं राहून, ओरडून सोडवायचा अशी आमची परंपरा. बी विंगचे नानासाहेब रिटायर्ड, राहायला तळमजल्यावर. हौदात वीतभर पाणी असलं तरी त्यांच्या नळाला धार, म्हणून ते कायम "नको". सी विंगचा सोमनाथ चितेगावला कंपनीत शिफ्ट करतो, राहतो सगळ्यात वर, म्हणून तो कायम "हवा". ए विंगचा मी मधल्या मजल्यावर. मी कायम "बघू".

आई यायच्या आत ही भानगड मिटवायची, आणि तीसुद्धा शास्त्रशुद्ध, असं माझ्या डोक्यात आलं. रत्नमाला म्हणाली, "अहो, रोज संध्याकाळी हौदात डोकवा आणि बद्रीनाथला एक फोन करा. झालं!" पण साध्या उपायांवर माझा विश्वास बसत नाही. तो बसला असता तर मी इतकं शिकलो कशाला असतो?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी योजना मांडली. एक नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची, जो तो तिथं आपलं म्हणणं लिहील, संध्याकाळी बद्रीनाथच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर नानासाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "अभयराव, हा कॉम्प्युटर कुणाच्या घरी राहणार?"

"माझ्या."

"म्हणजे बी विंगचं पाणी ए विंगच्या कपाटात! वा रे वा, खूब!"

मग तो सोमनाथच्या घरी ठेवायचं निघालं, तेव्हा ए विंगमधल्या माझ्याच लोकांनी बोंब मारली. शेवटी तोडगा असा निघाला की तिन्ही विंगांत एकेक कॉम्प्युटर ठेवायचा आणि तिघांतही तीच माहिती. आमच्या धंद्यात याला डिस्ट्रिब्युटेड की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणतात. घाबरू नका. खणांचं कपाट समजा. खणावर नाव, आत एक वस्तू. आमच्या कपाटाला एकच खण होता, "उद्याचा टँकर", आणि त्याच्यात एकच शब्द मावायचा, "हवा" नाहीतर "नको". असंच कपाट तिन्ही घरांत. एका घरी शब्द बदलला की बाकी दोन घरी आपोआप बदलणार. लाइट गेली, नेट गेलं, तरी ज्याला त्याला आपापल्या घरी लिहिता येणार, आणि जोडणी परत आली की तिन्ही कपाटं एकमेकांशी ताडून बघणार. आता ताडून बघताना एका घरी "हवा" निघालं आणि दुसऱ्या घरी "नको" निघालं, तर खरं कुणाचं धरायचं? ते त्या यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं. त्यासाठी एक सेटिंग असतं. त्या एका सेटिंगनं माझं वाट्टोळं केलं.

खरं तर ते मी गुपचूप निवडून मोकळं व्हायला हवं होतं. पण मला लोकशाहीची हौस. मी ते मीटिंगपुढं ठेवलं.

"वयानं मोठा असेल त्याचं खरं, असं नाही का त्याच्यात?" नानासाहेब म्हणाले.

"नाही, नानासाहेब."

"मग ते बाहेरच्या देशातलं दिसतंय."

सोमनाथ म्हणाला, "दादा, सीधी बात. ज्याची टाकी रिकामी, त्याचं खरं." त्यावर रिकामी म्हणजे किती रिकामी यावर तासभर गेला. कुणी म्हणालं मतदान घ्या, कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. नानासाहेबांच्या सौ. म्हणाल्या, "भांडी घासणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल," तर त्यांना सगळ्यांनी मिळून चहा ठेवायला पाठवलं. सेटिंगवर एकमत होईना म्हणून उपसमिती नेमली, आणि उपसमितीत तिघंच जण असूनही दोन गट पडले. मधल्या काळात मी पाण्याच्या ऑफिसात नळाचं वेळापत्रक मागायला गेलो. तिथले साहेब फार सज्जन निघाले. ते म्हणाले, "देतो ना. फक्त तिन्ही विंगांचा एकत्र अर्ज आणा, एकाच मजकुराखाली तिघांच्या सह्या." मी त्यांना नमस्कार केला आणि घरी आलो.

आई यायला दोन दिवस उरले तेव्हा मी वैतागून पहिलंच सेटिंग लावलं. शेवटी लिहील त्याचं खरं. म्हटलं, यात काय चुकणार? माणूस संध्याकाळपर्यंत विचार बदलू शकतो, म्हणून त्याचा शेवटचा शब्द धरायचा. ऐकायला किती सुरेख वाटतं!

आई आली. येताना कन्नडच्या बाजारातून हिरव्या मिरच्या आणि शेंगा घेऊन आली. जिन्यात भेटेल त्याला जयभीम घातला, घरात येऊन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हार बरोबर बसलाय का बघितलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नळानं आधी खोकल्यासारखा आवाज केला आणि मग काहीच केलं नाही.

"यील उद्या," आई म्हणाली. पहिला दिवस होता, तिनं सांभाळून घेतलं. बादलीत अर्धं पाणी होतं, त्यात तिनं हातपाय धुतले आणि उरलेलं गॅलरीतल्या कुंडीला घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी "हवा" लिहिलं. दुपारी परत "हवा" लिहिलं. सोमनाथनं कंपनीत जायच्या आधी "हवा" लिहिलं. संध्याकाळी मेसेज जायच्या पाच मिनिटं आधी मी पुन्हा एकदा "हवा" लिहिलं, तरी बद्रीनाथला मेसेज गेला: "नको". तिसऱ्या दिवशीही तेच. कपाट उघडून नोंदीची वेळ पाहिली, तर मी बघत होतो तेव्हा साडेसहा झाले होते आणि नानासाहेबांनी "नको" लिहिलं होतं ते पावणेसात वाजता. म्हणजे जी वेळ अजून उजाडलीच नव्हती, त्या वेळी!

नानासाहेबांकडं गेलो. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढं. टेबलावरचं पुढं, मनगटावरचं पुढं, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप बरोबर होऊ नये म्हणून त्यांनी ती सोयसुद्धा शोधून बंद करून ठेवलेली. आता घड्याळ पुढं ठेवणं ही काही त्यांची एकट्याची खोड नव्हे. आमच्याकडं घरटी एक तरी घड्याळ पुढं असतंच. ते पुढं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही त्याच्याकडं बघून सगळे धावपळ करतात. पण यंत्राला हे कोण सांगणार? त्याला वाटत होतं, नानासाहेब रोज सगळ्यांच्या नंतर लिहितात. ते माझ्या वीस मिनिटं आधी लिहोत, शेवटचा शब्द त्यांचाच.

"नानासाहेब, एवढं घड्याळ तेवढं बरोबर लावता का?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अभयराव, कन्नडहून एसटीनं अपडाउन करून मी नोकरी केली. या घड्याळाच्या जिवावर केली. एक दिवस लेट मार्क नाही माझ्या नावावर! आणि तुमच्या टँकरसाठी मी ते मागं घेऊ? नामुमकिन."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी रागाच्या भरात ही गोष्ट सोमनाथला सांगितली. सोमनाथ कंपनीत मशिनी चालवतो, त्याच्या चटकन ध्यानात आलं. त्यानं आपलं घड्याळ एक तास पुढं केलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला! आई न्हाली, रत्नमालानं कपडे धुतले, मी सोमनाथला पेढे दिले. नानासाहेबांनी ते पेढे पाहिले आणि आपलं घड्याळ उद्यावर नेलं. सोमनाथनं परवावर नेलं. आठवडा संपेपर्यंत आमच्या ए विंगेत वैशाख चालू होता, सी विंगेत पोळा झाला होता, आणि नानासाहेबांनी थेट दिवाळीच्या पाडव्याची तारीख टाकून "नको" लिहिलं आणि त्यांना थकवा आला म्हणून कॉम्प्युटरचं घड्याळ परत आपल्या नेहमीच्या अर्ध्या तासावर आणून ठेवलं.

झालं! आता तो शब्द हलेना. मी "हवा" लिहिलं की यंत्र म्हणे, हे आजचं आहे, माझ्याकडं पाडव्याचं आहे, पाडवा नंतर येतो. तो शब्द पुसायला गेलो, तर पुसण्यालाही आजचीच तारीख, म्हणून पुसणंही हरलं. आता खुद्द नानासाहेबांनासुद्धा तो बदलता येईना! सगळी कपाटं रिकामी करून नव्यानं सुरू करू म्हटलं, तर त्यासाठी तिन्ही एकदम बंद करायला हवीत, आणि नानासाहेब म्हणाले, "माझं बंद होणार नाही, बी विंगची इज्जत आहे." त्यांचं एक चालू राहिलं की त्यातून ते "नको" बाकी दोघांत पुन्हा उगवायचं. मी वापशाला, जमीन ओल धरून असताना पेरलेलं बी इतक्या चिवटपणे उगवताना पाहिलेलं नाही.

इकडं घरी नळ कोरडाच होता. सकाळी कळशी घेऊन मी शेजारच्या गल्लीत बोअरवर जायचो, तर ती गॅलरीतून बघत बसायची. एक दिवस म्हणाली, "अभय, तुझी पाठ दुखत आसंल." एवढंच. मी म्हटलं, "आई, दोन दिवस दे. सेटिंग बदलतो." तिला सेटिंग म्हणजे काय ते कळलं नाही, पण "दोन दिवस" हे तिनं बोटं मिटून धरलं.

मी दुसरं सेटिंग लावलं. यात यंत्र कुणालाही खोटं पाडत नाही. ज्यानं जे लिहिलं ते सगळं जपून ठेवतं आणि वाचणाऱ्याच्या हाती देतं; वाचणाऱ्यानं बघावं काय ते. मला वाटलं, ही खरी सभ्यता! फक्त वाचणारा बद्रीनाथ आहे, हे मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत हॉर्न वाजला. खाली बघितलं तर बद्रीनाथचा टँकर. त्याच्या मागं दुसरा. त्याच्या मागं तिसरा, आणि कोपऱ्यावर वळता न आल्यानं अडकलेला चौथा. मी धावत खाली गेलो.

"अहो बद्रीनाथ, हे काय?"

"साहेब, मेसेज आला की तुमचा." त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात लिहिलं होतं: हवा, नको, हवा, हवा, नको, हवा. "च्यार येळा हवा हाये. च्यार आणले. दोन येळा नको हाये, म्हंजे सहा नाय आणायचे, बरोबर ना? आपुन पन विचार करतो साहेब."

त्याला थांबवेपर्यंत त्याच्या माणसांनी पाइप सोडले होते. एका टँकरनं हौद काठोकाठ झाला. दुसऱ्यानं तो ओसंडला. मी "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडत होतो, वरून सोमनाथ "भरू द्या, दादा, भरू द्या" म्हणून ओरडत होता, आणि नानासाहेब पार्किंगमध्ये पायजमा गुडघ्यापर्यंत धरून आपली स्कूटर शोधत होते. पाणी फाटकातून रस्त्यावर गेलं, रस्त्यावरून गटारात गेलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात मी आहे, आणि त्यात मी फार वाईट दिसतो.

मी वर बघितलं. गॅलरीत आई उभी होती. दोन्ही हातांनी कठडा धरलेला.

मी घामाघूम होऊन वर आलो तर ती पिशवी भरत होती. मी म्हटलं, "आई, आता बघ, हौद भरलाय. आठ दिवस बघायला नको."

ती खाली बसली. गुडघा दुखत असावा, कारण हळूच बसली. म्हणाली, "माझ्या आईला हिरीवर हात लावू देत नव्हते. घागर खाली ठिवून उभं ऱ्हायाचं. कुनाच्या मनात आलं, तर वरून वतायचे. नाय आलं तर रिकामी घागर घिऊन घरी. मी तिच्या पदराला धरून उभी आसायची." थोडा वेळ ती नुसतीच पिशवीचे बंद ओढत राहिली. "तुला म्हनून शिकवलं रे. पाण्यापाशी तुला कुनाशी भांडायला लागू नये म्हनून. आन तू भांडणाचं मशिनच आणून बसवलं."

रत्नमाला डोळे पुसायला आत गेली. मी "आई, पुन्हा असं नाही होणार" म्हणालो, तर ती म्हणाली, "आडवायचं नाय म्हणले होते मी." आणि मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीची तातडीची मीटिंग झाली आणि तीनही विंगांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. तिन्ही कॉम्प्युटर एकदम बंद करायचे, आणि अभय सरांना कोणत्याही कमिटीवर घ्यायचं नाही. नानासाहेबांनी ठराव मांडला, सोमनाथनं अनुमोदन दिलं, दोघांनी हात मिळवले. पाण्याच्या ऑफिसाचा एकत्र अर्ज लिहायला हे दोघं इतके दिवस कुठं गेले होते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी आईला एसटीत बसवून आम्ही घरी आलो. मग मी म्हटलं, "आई म्हणाली, गुडघा बरा झाला की येते परत. मला म्हणाली. स्टँडवर."

रत्नमाला म्हणाली, "मला म्हणाल्या, आता तुम्हीच येत जा तिकडं."

"नानासाहेबांच्या सौ.ना काय म्हणाली, ऐकलंस ना जिन्यात?" मी विचारलं. "म्हणाली, आता काय माझं येणं व्हत नाय, बाई."

एकाच आईचे तीन शब्द. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी लगेच मनात त्यांचा क्रम लावायला बसलो. जिन्यातलं सगळ्यात आधी. मग स्टँडवरचं माझं. मग मला एकदम उभारी आली. "म्हणजे मला म्हणाली तेच शेवटचं! येते म्हणाली!"

"नाही हो," रत्नमाला म्हणाली. "तुम्ही पाण्याची बाटली आणायला गेलात ना, तेव्हा मला म्हणाल्या. खिडकीतून. गाडी सुटता सुटता."

मी बाटली आणायला गेलो होतो. हेही पाण्यापायीच.

दुपारी आईचा फोन आला. पोचले म्हणाली. शेजारणीनं भाकरी आणून दिली म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "आलं का रे नळाला?"

"आलं," मी म्हणालो. एका दमात म्हणालो. काय करणार, माझी आई विचारत होती.

आणि नेमकं त्याच क्षणी, न्हाणीघरातून, हातात साबण घेऊन उभ्या असलेल्या रत्नमालाचा आवाज आला, "अहो, नाही आलं अजून! थेंब नाही!"

दोन्ही शब्द एकदमच कन्नडला पोचले असणार. तिच्याकडची कुणाची तरी कोंबडी ओरडत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"बरं," आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. तिनं कोणतं धरलं, ते विचारायला मी रोज फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो.